ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत जखमी झालेल्या प्रवाशाचे हक्क

प्रति,
मा. अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती तथा जिल्हाधिकारी, नाशिक

विषय : ॲपवरील टॅक्सी, रिक्षा व दुचाकीच्या अपघातात जखमी झालेल्यांना विमा आणि कायदेशीर मदत वेळेत मिळण्याबाबत.

महोदय,

ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत किंवा रिक्षात बसलेला प्रवासी अपघातात जखमी झाला, तर त्याला चार हक्क मिळतात. पहिल्या सात दिवसांत ठरावीक रकमेपर्यंत पैसे न भरता उपचार घेण्याचा, वाहनाच्या विमा कंपनीकडून नुकसानभरपाई मिळवण्याचा, प्रवास पुरवणाऱ्या कंपनीने घेतलेल्या प्रवासी विम्याचा आणि पात्र असल्यास सरकारी खर्चाने वकील मिळवण्याचा. हे चारही हक्क कागदावर आहेत. मात्र ते मिळवताना उपचार रुग्णालयात, अहवाल पोलीस ठाण्यात, वाहनाची माहिती आरटीओत आणि भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागावी लागते. अंथरुणाला खिळलेला माणूस या चार ठिकाणी फिरू शकत नाही. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत पोलीस, परिवहन, आरोग्य आणि रस्ते या खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसतात. म्हणून हे पत्र समितीला उद्देशून आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. नाशिक रोड रेल्वे स्थानक, जुने सीबीएस, ओझर विमानतळ, अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहती, त्र्यंबकेश्वर, वणी आणि शिर्डीचे रस्ते, मुंबई विमानतळाकडे पहाटे निघणाऱ्या गाड्या या सगळ्या ठिकाणी ॲपवरची वाहने धावतात. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. त्या काळात नाशिकचे रस्ते आणि येथील कार्यालये यांची काहीही माहिती नसलेले लाखो भाविक अशा वाहनांत बसतील. त्यांच्यापैकी जो जखमी होईल त्याला आपला हक्क कोठे मागायचा हे त्याच दिवशी कळले पाहिजे.

सगळ्यात आधी येतो उपचार. जखमी माणसावर तातडीने उपचार करणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या कागदपत्रांसाठी ते थांबवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ नुसार केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या व्यक्तीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत नेमलेल्या रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळण्याची तीत तरतूद आहे. नेमलेल्या यादीत नसलेल्या रुग्णालयातही प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत येतात. चूक कोणाची होती हा प्रश्न येथे येतच नाही. जखमीला उचलून रुग्णालयात आणणाऱ्या माणसाला कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

रुग्णालयात तयार होणारा कागद पुढच्या सगळ्या दाव्याचा पाया असतो. दाखल होतानाच मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी, नोंदली गेली पाहिजे आणि तीत दुखापतीचे कारण 'रस्ता अपघात' असे स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. घाईत लिहिलेली 'पडून दुखापत' ही नोंद वर्षभराने विमा कंपनीच्या वकिलाच्या हातातील सर्वांत उपयोगी पुरावा ठरते. एक्स-रे, स्कॅन, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि नंतरच्या तपासण्यांचे कागद मूळ स्वरूपात जपून ठेवावे लागतात.

ॲपवरच्या प्रवासात याखेरीज आणखी एक पुरावा असतो, तो म्हणजे मोबाइलमधील फेरीची नोंद. फेरीचा क्रमांक, निघण्याची वेळ, मार्ग, चालकाचे नाव, वाहनाचा क्रमांक आणि भाड्याची पावती यांचे स्क्रीनशॉट जखमीच्या नातेवाइकांनी त्याच दिवशी काढून ठेवणे आवश्यक असते. ॲपवर दाखवलेले वाहन आणि प्रत्यक्ष आलेले वाहन वेगळे असेल, तर दोन्ही क्रमांक नोंदवावे लागतात. चालकाने फेरी रद्द करायला लावून 'ऑफलाइन चला, स्वस्त पडेल' म्हणत रोख भाड्यावर नेले असेल, तर कंपनीकडे त्या फेरीची नोंदच उरत नाही आणि तिचा प्रवासी विमाही त्या फेरीला लागू होत नाही. वाहनाचा स्वतःचा विमा मात्र अशा वेळीही कायम राहतो. त्यामुळे आपली चूक झाली असे समजून प्रवाशाने दावा सोडून देण्याचे कारण नाही.

पोलिसांचे काम गुन्हा नोंदवून संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी तपास अधिकाऱ्याला ठरावीक मुदतींत बांधले आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला गेला पाहिजे. दहा दिवसांच्या आत 'फॉर्म दोन' जखमीच्या हातात पडला पाहिजे. अपघातग्रस्ताचे सर्व हक्क आणि दाव्याच्या पायऱ्या या फॉर्ममध्ये लिहिलेल्या असतात. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल तयार व्हावा लागतो. त्यात वाहनाची आरसी, विमा, परमिट, चालकाचा परवाना, पंचनामा आणि वैद्यकीय कागद पडताळून जोडायचे असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ च्या पोटकलम ४ नुसार पोलिसांचा हा अहवालच न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा अर्ज म्हणून धरायचा आहे. गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्यांत किंवा निदान शहर पातळीवर खास पथके नेमण्याचे आदेश दिले.

या नियमांमागचा विचार माणुसकीचा आहे. पूर्वी जखमी माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यात खेटे घालून प्रत्येक कागदाची नक्कल मिळवायची आणि वकिलाकडे न्यायची अशी रीत होती. आता कागद जमवण्याचा भार कायद्याने जखमीच्या खांद्यावरून काढून सरकारी यंत्रणेवर टाकला आहे. हा बदल प्रत्यक्षात उतरतो की नाही, याची कसोटी फॉर्म दोन ही आहे. तो दहा दिवसांत मराठीत हातात पडला, तर जखमीला पुढचे सगळे आपोआप कळते. तो पडला नाही, तर त्याच्या खाटेशी सगळ्यात आधी भरपाईत वाटा मागणारा एजंट पोहोचतो.

नुकसानभरपाईचे पैसे नेमके कोठून येतात, हे आता क्रमाने पाहता येईल. पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत म्हणजे वाहनाचा थर्ड पार्टी विमा. कलम १४६ नुसार तो प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि कलम १४७ नुसार भाड्याच्या प्रवासी वाहनातील प्रवाशाची दुखापत किंवा मृत्यू त्यात येतो. टॅक्सीत भाडे देऊन बसलेला प्रवासी 'थर्ड पार्टी' नाही, हा समज चुकीचा आहे. शारीरिक इजेच्या भरपाईला या विम्यात ठरावीक रकमेची वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण जेवढी रक्कम ठरवेल, तेवढी कंपनीला द्यावी लागते.

दुसरा स्रोत समोरच्या वाहनाचा विमा. द्वारका चौकात टॅक्सी आणि टेम्पो धडकले आणि दोघांचीही चूक असली, तर किती टक्के चूक कोणाची हे प्रवाशाने सिद्ध करण्याची गरज नाही. अशा संयुक्त निष्काळजीपणात जखमी तिसऱ्या व्यक्तीला संपूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाकडूनही वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात २०१५ मध्ये स्पष्ट केले. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही आणि दुसऱ्या कोणाचा दोषही नसला, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात.

तिसरा स्रोत प्रवास पुरवणाऱ्या कंपनीचा विमा. ओलाने २०१८ मध्ये शहरातील फेरीसाठी एक रुपयात प्रवासी विमा सुरू केला, तेव्हा तो प्रवाशाच्या इच्छेवर होता. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या ॲग्रीगेटर (ॲपवरून प्रवास पुरवणारी कंपनी) मार्गदर्शक तत्त्वांत मात्र प्रवाशांसाठी किमान पाच लाख रुपयांच्या विम्याची अपेक्षा आहे आणि चालकासाठी किमान पाच लाखांचा आरोग्य विमा व दहा लाखांचा मुदत विमा सांगितला आहे. ही रक्कम न्यायाधिकरणातील दाव्याला पर्याय नाही, तो दावा स्वतंत्रच चालतो. कंपनीच्या विम्यासाठी मात्र त्या पॉलिसीतील मुदतीत कळवावे लागते. म्हणून ॲपमधील मदत विभागात अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करणे महत्त्वाचे ठरते.

चौथा स्रोत प्रवाशाचा स्वतःचा विमा. आरोग्य विमा, वैयक्तिक अपघात विमा किंवा वर्षाला वीस रुपये हप्ता असलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना यांचे पैसे घेतल्याने वाहनाच्या विम्यावरचा हक्क जात नाही. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम न्यायाधिकरणाने दिलेल्या वैद्यकीय खर्चातून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. प्रवाशाने आपल्या खिशातून हप्ते भरून घेतलेल्या संरक्षणाचा लाभ दोषी वाहनाच्या विमा कंपनीला मिळू नये, हे त्यामागचे न्याय्य तत्त्व आहे.

सरकारी सानुग्रह मदत या चारही स्रोतांपेक्षा वेगळी असते. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर नांदूर नाक्याजवळ खासगी बस पेटून बारा प्रवासी दगावले, तेव्हा राज्य आणि केंद्र सरकारने मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. अशी मदत तातडीच्या आधारासाठी असते. ती मिळाली म्हणून विम्याचा दावा मिटत नाही.

विमा असूनही कंपनी नकार देऊ शकते अशा जागा कोणत्या, हे प्रवाशाने आणि आरटीओने दोघांनीही जाणले पाहिजे. पहिली जागा चालकाच्या परवान्याची. टॅक्सी चालवायला वेगळा ट्रान्सपोर्ट परवाना नव्हता, असे म्हणून दावे अडवले जात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात हा मार्ग बंद केला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात हजार किलोपर्यंतचे ट्रान्सपोर्ट वाहन चालवू शकतो, असे घटनापीठाने सांगितले. नाशिकच्या जवळपास सगळ्या टॅक्सी आणि रिक्षा या वजनाच्या आत येतात.

दुसरी जागा परमिटची. टॅक्सीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात, इलेक्ट्रिक टॅक्सीची हिरवी प्लेट आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या प्लेटचे खासगी वाहन भाड्याने चालवले, तर विम्याच्या अटीचा भंग होतो. विनापरमिट वाहनाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अमृत पाल सिंग प्रकरणात २०१८ मध्ये हा मूलभूत भंग मानला, पण 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' हा आदेश कायम ठेवला. म्हणजे विमा कंपनीने जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर मालकाकडून घ्यायचे. जखमीला दिलासा मिळतो, पण वाद लांबतो. त्यामुळे पांढऱ्या प्लेटची गाडी आली तर फेरी नाकारणे हे प्रवाशाच्या हिताचे असते आणि अशा गाड्या रस्त्यावर दिसणार नाहीत हे पाहणे आरटीओचे काम असते.

तिसरी जागा दुचाकीची आणि ती सर्वांत धोक्याची आहे. खासगी दुचाकीला केवळ कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेल्या व्यक्तीला त्याचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात २००६ मध्ये ठरवले आहे. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक, पॉलिसी असेल तर मागचा स्वार तीत येतो, पण तेथेही भाड्याच्या वापराचा आक्षेप उभा राहतोच. महाराष्ट्राने २०२५ मध्ये केलेले बाइक-टॅक्सीचे नियम फक्त इलेक्ट्रिक दुचाकींसाठी आहेत. पेट्रोलच्या खासगी दुचाकीवर ॲपमधून घेतलेली फेरी ही सगळ्यात स्वस्त आणि विम्याच्या दृष्टीने सगळ्यात उघडी फेरी आहे. कॉलेजात जाणारी मुले आणि कंपनीच्या पाळीला निघालेले कामगार या फेऱ्या घेतात, हे लक्षात घेतले तर या प्रश्नाची गंभीरता कळते.

चौथी जागा विमाच नसण्याची. तेव्हा भरपाईची जबाबदारी थेट वाहनमालकावर येते आणि मालकाकडे पैसे नसले तर निकाल कागदावरच राहतो. म्हणून विमा नसलेले अपघातातील वाहन पुरेसे तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आणि पुढे केंद्रीय नियमांतही तशी तरतूद आली. पोलीस ठाण्याच्या आवारातून असे वाहन बिनतारण गेले, की जखमीच्या भरपाईची शेवटची खात्रीही त्याच्याबरोबर जाते.

प्रवास पुरवणाऱ्या कंपनीची जबाबदारी किती, याचे उत्तर कायद्यात अजून पूर्ण आकाराला आलेले नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने 'ॲग्रीगेटर'ची व्याख्या केली, त्याला परवाना सक्तीचा केला आणि परवान्याविना काम केल्यास एक लाखापर्यंत दंड ठेवला. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावले. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकीचे अर्ज नाकारले. अपघाताची भरपाई मात्र कायदा वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्याकडून मागतो आणि प्रवास पुरवणारी कंपनी स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवते. हा युक्तिवाद सर्वत्र टिकलेला नाही. विमान चुकलेल्या एका प्रवाशाच्या तक्रारीत ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये उबरला सेवेतील त्रुटीबद्दल जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. चालकाची पडताळणी न करणे, दुसरेच वाहन पाठवले जाणे, विम्याची माहिती दडवणे अशा त्रुटी असतील तर जखमी प्रवाशाला जिल्हा ग्राहक आयोगात स्वतंत्र तक्रार करता येते. स्वतःच्या आरोग्य किंवा अपघात विम्याचा दावा नाकारला गेला, तर विमा लोकपालाकडे पन्नास लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क नेता येते. थर्ड पार्टी भरपाईचा दावा मात्र लोकपालाकडे जात नाही, तो न्यायाधिकरणातच चालतो.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात असते. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, अर्जदाराच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी करता येतो. कसारा घाटात जखमी झालेल्या नाशिककराला ठाण्याला खेपा घालण्याची गरज नाही आणि नाशिकमध्ये जखमी झालेल्या चंद्रपूरच्या भाविकाला आपल्या गावी दावा लावता येतो. अर्थात त्याच्या दाव्याचे कागद नाशिकच्या पोलिसांकडूनच जायचे असतात. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरीही सहा महिने ही पक्की सीमा मानून चालणेच सुरक्षित आहे.

येथे एक निर्णय अतिशय विचारपूर्वक घ्यावा लागतो. कलम १६४ नुसार कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. कलम १४९ नुसार विमा कंपनीचा अधिकारी तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देतो आणि तो मान्य झाला, तर पुढच्या तीस दिवसांत पैसे मिळतात. लहान दुखापतीत हा मार्ग जलद आणि चांगला आहे. मात्र या पद्धतीने कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो.

फरक किती पडतो, हे एका हिशेबातून दिसते. अंबडच्या कारखान्यातील बत्तीस वर्षांच्या, महिना वीस हजार मिळवणाऱ्या फिटरचे उदाहरण घेतले, तर त्याचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये होते. नोकरी कायम नसल्यास प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालानुसार भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ते ३,३६,००० होते. अपघातामुळे त्याची कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली, तर वर्षाचे नुकसान १,००,८०० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील तक्त्यानुसार या वयाला गुणक १६ आहे, म्हणजे १६,१२,८०० रुपये. उपचाराचा खर्च, कामावर न गेलेल्या दिवसांची मजुरी, वेदना, पुढच्या शस्त्रक्रिया आणि अर्ज केल्यापासूनचे व्याज यांखेरीज हा आकडा आहे. अडीच लाखांवर सही करणाऱ्या माणसाला तो आधी दाखवला गेला पाहिजे.

या हिशेबात कळीची बाब अपंगत्वाची आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व यांत भेद केला. उजव्या हाताची बोटे आखडली तर कारकुनाचे आणि फिटरचे वैद्यकीय अपंगत्व सारखे असेल, पण फिटरची रोजीरोटी त्याहून कितीतरी अधिक बुडते. म्हणून प्रमाणपत्रावरील टक्केवारीवर न थांबता जखमी माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, याचा पुरावा न्यायाधिकरणासमोर आणावा लागतो. पगाराची पावती, हजेरीचे कागद, बँकेचे पासबुक आणि मालकाची साक्ष त्यासाठी उपयोगी पडते. न्यायाधिकरणाचा निकाल अपुरा वाटला, तर नव्वद दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते.

चालकाचे काय, हा प्रश्नही याच विषयाचा भाग आहे. दुसऱ्याच्या गाडीवर पगारावर असलेल्या चालकाला कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायदेशीर प्रमाणात वाहनाच्या विम्यातून भरपाई मिळते. स्वतःचीच गाडी चालवणारा मालक मात्र आपल्याच विम्यात थर्ड पार्टी ठरत नाही. त्याच्यासाठी पंधरा लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे आणि समोरच्या वाहनाची चूक असल्यास त्याच्या विमा कंपनीवर दावाही करता येतो. हप्त्यावर गाडी घेतलेल्या चालकाचा हात मोडला की घरखर्च आणि गाडीचा हप्ता दोन्ही एकाच दिवशी थांबतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांना पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात स्थान दिले आहे. नाशिकमधील चालकांची ई-श्रम या सरकारी पोर्टलवरील नोंदणी पूर्ण करणे हे त्या दिशेचे सोपे आणि तातडीचे पाऊल आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती हे दावे न लागण्याचे मोठे कारण असते आणि ती अनाठायी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. सातपूर आणि अंबडचा कामगार थेट या यादीत बसतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. लोकअदालतीत दावा मिटवता येतो, पण तेथील निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे वकिलाशी हिशेब मांडल्याशिवाय सही करू नये. 'केस टक्केवारीवर घेतो' असे सांगणाऱ्यापासून तर दूरच राहावे, कारण भरपाईतला वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलाला मना आहे. मोडलेल्या पायाच्या भरपाईतला वाटा दलालाने नेणे ही अपघाताइतकीच मोठी हानी आहे.

या सर्वांतून समितीकडून असलेल्या अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत. पहिली, फॉर्म दोन सोप्या मराठीत आणि हिंदीत छापून शहर व ग्रामीण भागातील प्रत्येक पोलीस ठाण्यात उपलब्ध असावा, तो जखमीला दहा दिवसांत दिल्याची पोच घ्यावी आणि किती अपघातांत तो दिला गेला हा आकडा समितीच्या प्रत्येक बैठकीत मांडला जावा. दुसरी, जिल्हा शासकीय रुग्णालयात आणि कॅशलेस योजनेतील प्रत्येक रुग्णालयात योजनेचा मराठी फलक दर्शनी जागी असावा, त्यावर १०८, ११२ आणि १५१०० हे क्रमांक असावेत. तिसरी, कलम १६० नुसार अपघातातील वाहनाचा विमा व मालकाचा तपशील देणे ही आरटीओ आणि पोलिसांची जबाबदारी आहे. पेठ रोडवरील कार्यालयात त्यासाठी स्वतंत्र खिडकी आणि ठरलेली मुदत असावी. चौथी, नाशिकमध्ये वाहने चालवणाऱ्या प्रत्येक ॲग्रीगेटर कंपनीकडून तिचा परवाना, प्रवासी विम्याची रक्कम, विमा कंपनीचे नाव आणि दाव्यासाठीचा संपर्क लेखी घेऊन तो मराठीत जाहीर करावा. पांढऱ्या प्लेटच्या गाड्या आणि नियमबाह्य बाइक-टॅक्सी यांवरील कारवाई त्याच्या जोडीने व्हावी. पाचवी, विधी सेवा प्राधिकरणाशी बोलून आठवड्यातून ठरावीक दिवशी एक विधी स्वयंसेवक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात बसावा.

यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. नियम आहेत, मुदती ठरलेल्या आहेत, अधिकारी नेमलेले आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणापूर्वी ही व्यवस्था उभी राहिली, तर सिंहस्थातील भाविकाला तिचा उपयोग होईल आणि सिंहस्थ संपल्यावरही ती नाशिकच्या प्रत्येक प्रवाशासाठी आणि चालकासाठी कायम राहील. समितीने आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा आणि झालेला निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

कळावे.

नाशिकमधील प्रवासी आणि चालक यांच्या हितासाठी